चौथ्या वहीच्या जागी टेलिफोन डिरेक्टरी

१

कातळपेठच्या सार्वजनिक वाचनालयातली चोरी शनिवारी सकाळी सव्वादहा वाजता उघडकीस आली. त्या वेळी लवू रांबाडे मूळव्याधीची जाहिरात वाचत होता. त्याला मूळव्याध नव्हती. पण निवृत्त झाल्यापासून गेली सहा वर्षं तो रोज वाचनालयातली चारही वर्तमानपत्रं या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत असे, आणि जाहिरात सोडून नुसती बातमी वाचणं त्याला पक्षपाताचं वाटे.

"काका," काचेच्या कपाटासमोर उभा असलेला ग्रंथपाल स्वरूप कळंबटे म्हणाला, "जरा येता इकडे?"

"काय झालं?"

"आनंदीबाईंची चौथी वही उघडली. पहिल्याच पानावर आयरे दत्ताराम म्हणून कोणी किराणावाले आहेत. बाईंनी त्यांच्याबद्दल फक्त पाच आकडे लिहिलेत."

लवूने चष्मा वर केला आणि पाहिलं. बाहेरून वही बरोबर होती. खाकी कव्हर, कोपऱ्यात शाईने घातलेला चारचा आकडा. आत मात्र जिल्ह्याची जुनी टेलिफोन डिरेक्टरी होती.

आनंदीबाई लेले या वाचनालयाच्या आधीच्या ग्रंथपाल. त्यांनी १९७९ सालापासून वीस वर्षं एकच उद्योग केला. दर शनिवारी दुपारी गावातला नाहीतर आसपासच्या वाडीतला एक म्हातारा किंवा म्हातारी बोलावून आणायची, आधी चहा पाजायचा, आणि मग ते माणूस बोलेल ते जसंच्या तसं लिहून काढायचं. विहीर कोणी खणली, साथीत कोण गेलं, कोणाचं लग्न कोणत्या क्षुल्लक कारणावरून मोडलं. अशा अकरा लांबलचक वह्या भरल्या. कातळपेठचा इतिहास दुसरीकडे कुठेच लिहिलेला नव्हता. सरकारी दप्तरात गावाबद्दल एवढीच माहिती होती, की ते आहे.

त्या वह्यांचे फोटो काढून कायमचे जपून ठेवायला सोमवारी रत्नागिरीहून स्कॅनिंगची माणसं यायची होती. स्वरूपने त्यासाठी दीड वर्ष पत्रं लिहिली होती.

"किल्ली कुठे असते?" लवूने विचारलं.

स्वरूपने भिंतीकडे बोट दाखवलं. 'किल्ली येथे ठेवू नये' अशी पाटी होती आणि पाटीच्या खिळ्यालाच किल्ली लटकत होती. म्हणजे संशयित सगळं गाव.

लवू मटकन खुर्चीत बसला. चौथ्या वहीत त्याच्या आईची पानं होती. सोनूबाई रांबाडे, तळीवाडी, साल १९८६. लवूनेच तिला इथे आणलं होतं. तिने काय सांगितलं ते मात्र त्याने कधीच वाचलं नव्हतं. आई गेली तेव्हा वाचवेना. पुढे नोकरीमुळे वेळ होईना. मग निवृत्तीनंतर सावकाश वाचू असं ठरलं, आणि निवृत्तीनंतर कपाटापासून चार हातांवर बसून तो सहा वर्षं मूळव्याधीच्या जाहिराती वाचत राहिला. वही काय, कुठे पळून जाते?

वही पळून गेली होती.

२

"पोलिसांना सांगू?" स्वरूप म्हणाला.

"पोलीस माणसावरून वस्तूकडे जातात. मला उलटं जमतं."

ही बढाई नव्हती. एसटीच्या डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत लवूने एकतीस वर्षं काढली होती. छत्र्या, डबे, कवळ्या, एकदा जिवंत कोंबडा आणि एकदा एक नवरा त्याने मूळ मालकाकडे पोचता केला होता. नवरा परत घ्यायला बाईने तीन दिवस लावले, कोंबडा न्यायला माणूस तासाभरात आला. वस्तू बघून मालक कसा असेल हे लवू सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही. या कौतुकाने त्याला एक खोड लागली होती. विंचवापासून वाळवीपर्यंत, न विचारता कोणालाही सल्ला द्यायचा आणि विसरून जायचं.

त्याने डिरेक्टरी हातात तोलली. मुळात ती वहीपेक्षा जाड. म्हणून 'प'च्या पुढची सगळी आडनावं कोणीतरी नीट, पट्टी लावून फाडून काढली होती.

"चोर इतकी काळजी घेत नाही, स्वरूप. चोर वही उचलतो आणि जातो. हे काळजीवाल्या माणसाचं काम आहे. त्याला कोणाच्या लक्षात यायला नको होतं. निदान थोडे दिवस."

"थोडे दिवसच का?"

"टेलिफोन डिरेक्टरी घालून माणूस जन्माची सोय करत नाही."

मग त्याने कपाटात डोकं घातलं. वहीच्या जागी फळीवर काळपट चौकोन उमटला होता. बोट लावलं तर किंचित चिकट. वास घेतला, आणि त्याला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. का, ते काही कळेना.

एवढ्यात शिपाई सदू गोताड चहा घेऊन आला. सदू सत्तावीस वर्षं इथे होता. झाडणं, पुस्तकं शिवणं, गळक्या कौलाखाली बादली ठेवणं, सगळं तोच करी. येत्या मार्चमध्ये तो निवृत्त व्हायचा होता. आज त्याने दोन्ही हातांत मोजे घातले होते.

"हे काय रे?"

"काल सुरण चिरला, लवूभाऊ. खाज सुटली हाताला."

"हातमोजे बरे मिळाले."

"हातमोजे नायत. पायातलेच."

सदूच्या सदऱ्याला पांढरं पीठ लागलं होतं. "आंबोळ्या का?" लवूने विचारलं. सदू "होय तर" म्हणाला आणि कप न ठेवताच परत निघाला. मग आठवण होऊन त्याने कप ठेवला आणि बशी घेऊन गेला.

लवू बाहेर येऊन इमारतीकडे बघत उभा राहिला. माणसाने विचार करताना वर बघावं असा त्याचा समज होता. वर, गच्चीवर, एक काळी छत्री उघडी ठेवलेली होती. तिच्याखाली माणूस नव्हतं.

"सदू, वर छत्री कसली?"

"वाळतेय," आतून आवाज आला.

पाऊस जाऊन तीन आठवडे झाले होते. चार हजारांवर छत्र्या हाताळलेल्या माणसाला हे उत्तर पटायला नको होतं. पण तेवढ्यात स्वरूप मागून कुजबुजला, "काका, गणपतीच्या सभेत एक माणूस सगळ्यांसमोर म्हणाला होता, ती चौथी वही जाळून टाका म्हणून."

लवू छत्री विसरला.

३

तो माणूस म्हणजे समर्थ धनावडे. महामार्गाला लागून त्याचं 'पहिली मोटार' नावाचं हॉटेल होतं. गल्ल्यामागे भिंतभर फोटो होता. समर्थचे आजोबा मिशीला पीळ देऊन मोटारीत बसलेले, खाली 'कातळपेठची पहिली मोटार, १९३६'. पर्यटक त्याखाली उभे राहून फोटो काढायचे आणि मग भिजत न घातलेल्या वालांची उसळ खायचे.

चौथ्या वहीत एका म्हाताऱ्याने सांगून ठेवलं होतं, की ती मोटार कातळपेठेत एकदाही आपण होऊन चालली नाही. तिला बैल जोडत. फोटोच्या डाव्या कडेला जे शिंग दिसतं, ते बैलाचंच.

"बसा, लवूकाका. सोलकढी घेणार?"

"वही दे, मग घेतो."

समर्थचं तोंड पडलं. "कुठली वही? ती गेली? काय सांगता!" तो खुर्चीत धपकन बसला. "मग मी मेलो."

"तूच जाळा म्हणालास ना?"

"म्हणालो हो. सभेत माणूस काय वाटेल ते म्हणतो. पण वकिलाने सांगितलंन, बदनामीचा दावा लावायचा तर मूळ वही कोर्टात दाखवावी लागेल. ते शिंग झाडाची फांदी आहे असं आम्ही सिद्ध करणार होतो." त्याने मोबाइल पुढे केला. "ही बघा, आजोबांची सहा पानं. शिमग्याला येऊन फोटो काढून नेले. नुसत्या फोटोवर केस उभी राहात नाही म्हणे."

लवूने फोटो मोठे करून बघितले. पिवळसर, कोरडी, स्वच्छ पानं. आनंदीबाईंचं सुबक अक्षर. मागे कपाटाची फळी दिसत होती. तीही स्वच्छ. काळा चौकोन नाही.

म्हणजे जे काही झालं ते शिमग्यानंतर.

"काका, खरं सांगतो," समर्थ डोळे पुसत म्हणाला, "वही गेली म्हणून माझ्याइतकं वाईट गावात कोणाला वाटलं नसेल."

गावात तसा आणखी एक माणूस होता, पण तो कोणाला सांगत नव्हता. लवूने सोलकढी घेतली. ती चांगली होती, हे त्याला जरा लागलं.

संध्याकाळी स्वरूपने देवघेवीचं जुनं रजिस्टर काढून ठेवलं होतं. चौथी वही इतक्या वर्षांत एकाच वाचकाने घरी नेली होती, १९८८ साली. नाव वाचून लवूने रजिस्टर मिटलं. ते नाव त्याच्या घरासमोरच राहत होतं.

४

यमुनाबाई शिवगण. वय एक्याऐंशी, तळीवाडी. वाचनालयातलं कुठलंही पुस्तक वाचून झालं की त्या सतराव्या पानावर पेन्सिलीने बारीक टिंब काढत, म्हणजे चुकून तेच परत घरी यायला नको. कातळपेठच्या वाचनालयात टिंब नसलेलं पुस्तक म्हणजे ते नवीन तरी, नाहीतर गणिताचं.

रविवारी सकाळी लवू गेला तेव्हा त्या मागल्या दारी कुळीथ पाखडत होत्या.

"काकी, आनंदीबाईंची चौथी वही नाहीशी झाली."

सूप थांबलं. "म्हणून माझ्याकडे आलास? मेल्या, मला गुडघ्यानी उठवत नाय, मी कपाट फोडीन?"

"तसं नव्हे गो. ती अख्खी वाचलेलं माणूस गावात तुम्ही एकटीच. नाहीच मिळाली तर निदान तुमच्या आठवणीत—"

"आठवतंय ना. खालच्या बाजारातली आग आठवतेय, कॉलऱ्याची साथ आठवतेय, त्या धनावड्याचे बैल आठवतायत. ढवळा आणि पवळा. पवळा लंगडायचा."

"आणि आईने काय सांगितलं होतं?"

यमुनाबाईंनी सूप जोरात उडवलं. "चाय घेशील?"

"काकी—"

"दूध नासलाय, कोराच घे."

त्या आत गेल्या. लवू ओटीवर येऊन बसला. त्याची आई आणि ही यमुनाकाकी जन्मभर शेजारी, आणि शेवटची बावीस वर्षं एकमेकींशी अबोला. कशावरून, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. आईला विचारायच्या गोष्टींची त्याची यादी लांब होती, आणि सगळी शिल्लक होती.

चहा घेताना तो उगाच इकडेतिकडे बघायला लागला आणि एकदम ताठ झाला. तोच वास. कपाटातल्या फळीचा.

"काकी, कसला वास हा?"

"वाशांचा. नवे वासे घातलान ना पोराने, त्यांना काजूच्या टरफलांचा तेल फासलान. वाळवी लागू नये म्हणून." यमुनाबाई त्याच्याकडे निरखून बघायला लागल्या. "असा काय बघतोस? तूच सांगितलंस ना त्याला? साऱ्या गावाला सांगत फिरतोस, आमच्या वाशांना चाळीस वर्षं वाळवी शिवली नाय म्हणून."

लवूने कप खाली ठेवला. स्वतःच्या घराचा वास माणसाला घरात येत नाही. म्हणून कपाटात आला, आणि म्हणून कळला नाही.

"साडेअकराची गाडी मिळेल," तो उठत म्हणाला.

"थांब. मी पण येतंय."

"तुमचे गुडघे?"

"गुडघे घेऊनच येतंय," यमुनाबाई म्हणाल्या.

५

रविवारी वाचनालय बंद असे, पण दुसऱ्या दिवशीच्या तयारीसाठी स्वरूप आला होता. झाडलोटीच्या नावाखाली सदूही आला होता आणि कुठे दिसत नव्हता.

लवूने तळचा कप्पा रिकामा करायला घेतला. एक, दोन, तीन, डिरेक्टरी, पाच. सगळ्या वह्या त्याने हुंगून बाजूला ठेवल्या. बाकीच्यांना वास नव्हता.

"काजूच्या टरफलांचं तेल," तो स्वरूपला म्हणाला. "लाकडाला लावलं तर देवासारखं. पण हाताला लागलं तर कातडी सोलून काढतं. आणि कागद ते नुसतं पितो, वाळत काही नाही. पानं काळी पडतात, एकमेकांना धरून बसतात. वह्या वाचवायला म्हणून कोणीतरी ते लावलं. पावसाच्या आधी, कारण वाळवीची आठवण तेव्हाच होते. आणि आता स्कॅनिंगसाठी वह्या पुसायला काढल्या तेव्हा त्या माणसाला कळलं, की आपण काय करून बसलोय."

"कोण पण?"

"पहिल्यांदा तेल कोणाचं ते बघू. इथेच असणार, मागे कुठेतरी. तेल संपवल्याशिवाय बाटली टाकणारी माणसं आपल्याकडे नाहीत."

आठव्या वहीच्या मागे हात घातल्यावर बाटली लागली. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, तळाशी दोन बोटं काळं तेल. वर पांढरं लेबल चिकटवलेलं होतं. स्वरूपने मोठ्याने वाचलं.

"'बेवारस वस्तू. राजापूर गाडी, मागील बाक. मालकाचा शोध चालू.' काका, हे काय?"

लवू लेबलाकडे बघत राहिला. अक्षर कोणाचं आहे हे ओळखायला त्याला एकतीस वर्षांच्या अनुभवाची गरज पडली नाही. ते त्याचंच होतं.

६

आता सगळं एकदम आठवलं. मे महिना. सदू छडीने वाळवीची माती खरवडत होता. "काय करू हो लवूभाऊ, यंदा वह्यांपर्यंत येणार ही." आणि वर्तमानपत्रातून मान वर न काढता लवू म्हणाला होता, "काजूचं तेल लाव. उद्या आणून देतो." दुसऱ्या दिवशी आणलं. कशाला लाव, ते सांगायचं राहिलं. पाण्यासारखी साधी गोष्ट, ती कोणी सांगतं का?

तो बाटली खिशात घालून जिना चढून गच्चीवर गेला. मागोमाग स्वरूप. एकेक पायरीला एकेक देव आठवत यमुनाबाई.

उघड्या छत्रीखाली पाटावर चौथी वही होती. आंबापोळी वाळत घालावी तशी पसरलेली, आणि वर तांदळाचं पीठ भुरभुरवलेलं. शेजारी सदू हातातल्या सुपारीच्या विरीच्या पंख्याने वारा घालत बसला होता. मोजे काढून ठेवले होते. बोटांची सालं निघाली होती, दोन ठिकाणी फोड फुटले होते.

त्याने वर पाहिलं आणि वारा घालणं थांबवलं नाही.

"छत्री कशाला रे?" लवूने विचारलं.

"स्वरूपसर म्हणतात, कागदाला थेट ऊन दाखवू नये."

स्वरूप तोंड फिरवून समुद्राच्या दिशेला बघायला लागला. समुद्र तिथून बारा मैल होता, दिसत नव्हता.

"पिठाने तेल सुकेल म्हटलं," सदू सांगू लागला. "एकेक पान सोडवतोय. सोमवारपर्यंत निदान थोडी तरी व्हावी. डिरेक्टरीला तसलाच कव्हर घालून मीच ठेवली. स्कॅनिंगवाले आपले घाईत सगळ्या पानांचे फोटो काढून नेतील, कोण वाचतंय, म्हटलं." तो थांबला. "माझ्याकडना झाला, लवूभाऊ. सत्तावीस वर्षांत एक पुस्तक फाटू दिला नाय मी."

"पण हीच वही का, सदू? अकरा होत्या."

"एकदम सगळ्यांना लावली नाय. म्हटला, आधी एक करू, चार महिने बघू, मग बाकीच्या." सदूने खाली बघितलं. "आणि तेल तुमी आणून दिलात. मग पहिला मान तुमच्या आयेच्या वहीला नको?"

लवूने गच्चीचा कठडा धरला. गावातल्या कोणीही त्याच्यावर आजवर एवढी मोठी मेहेरबानी केली नव्हती.

"काका," स्वरूप हळूच म्हणाला, "कमिटीला मी काय सांगू? चोर कोण?"

"चोर नाही. मालक सापडला." लवूने खिशातली बाटली काढून सदूच्या पाटाजवळ ठेवली. "कमिटीला सांग, बाटलीचा मालक लवू रांबाडे. सदूने मालकाचं ऐकलं, एवढंच. आणि त्याला डॉक्टरकडे ने, मग बोलू."

"आधी हे बघा," सदू म्हणाला. "पाच दिवसांत एकच पान सुटला. पुरता नाय, तळची चार बोटं. तुमच्या आयेचाच आहे. शेवटचा."

७

खाली वाचनालयात, टेबलावर पांढरा कागद अंथरून त्यांनी ते पान ठेवलं. वरचं सगळं काळं. तळाशी हाताच्या चार बोटांएवढी जागा तेलातून वाचली होती. तिथे आनंदीबाईंच्या अक्षरात दोन ओळी होत्या. लवूचा चष्मा पुसून होईना, म्हणून स्वरूपने वाचल्या.

"'बाहेर बसलेल्या मुलाला गाडीची घाई असल्याने सोनूबाईंचे कथन येथे थांबवले. उरलेले पुढच्या शनिवारी.'"



लवूला तो बाक आठवला. एसटीतली नवी नोकरी, मनगटावर नवं घड्याळ. क्रिकेटच्या बातम्या वाचून झाल्या होत्या. तीनदा दारातून हाक मारली, आये, पाच-दहाची चुकेल. तिसऱ्या हाकेला ती पदर सावरत बाहेर आली. वाटेत म्हणाली, "आत्ता कुठे आठवायला लागला होता." पुढच्या शनिवारी त्याची ड्यूटी होती. त्याच्या पुढच्याही. पौषात ती गेली.

म्हणजे वही साजूक तुपासारखी राहिली असती, तरी आईची गोष्ट अर्धीच होती. उरलेली अर्धी तेल यायच्या कितीतरी आधी गेली होती, आणि तीही त्यानेच घालवली होती. एकाच वस्तूचा शोध घ्यावा आणि ती दोनदा आपणच हरवलेली निघावी, असं डेपोत कधी झालं नव्हतं.

"चौथ्या वहीतली धनावड्यांची सहा पानं तेवढी शाबूत," स्वरूप पुटपुटला. "समर्थच्या मोबाइलमध्ये. बैलांची."

"काकी," लवू यमुनाबाईंकडे वळला, "ती अर्धी तरी तुम्ही वाचलीत. सांगा. चुकलं तरी चालेल."

यमुनाबाई लुगड्याच्या काठाचा पीळ करत बसल्या होत्या. त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत हे लवूला पहिल्यांदाच दिसलं.

"वही पानन्पान वाचलंय मी," त्या म्हणाल्या. "तिची पानं सोडून."

"काय?"

"ती माझ्याशी बोलत नव्हती ना. मग मी तिचा का ऐकू? दोन बोटांत धरून तेवढी पानं उलटली, आणि पुढची आग वाचली." त्यांनी नाक ओढलं. "हसू नको, लवू."

लवू हसत नव्हता.

"कशावरून होता गो तुमचा अबोला?"

"वरवंट्यावरून." त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "माझा वरवंटा मागून नेलान, आणि परत दिलान तो दुसराच. माझा जड होता, हा हलका. मी म्हटला, बदललास. ती म्हणाली, तुझाच आहे. झाला. बावीस वर्षं. ती गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी गोठ्याची भिंत पडली, आणि भिंतीत माझा जड वरवंटा. माझ्याच सासऱ्यांनी खाली पाचर म्हणून लावलेला. तिने नेलान तो आधीपासूनच हलका होता." पीळ सुटला, परत घातला. "तेव्हा इथे आले, वही घरी नेली. म्हटला, आता तिचा ऐकू. पण पान आला की हात पुढे जायचा. कुठल्या तोंडानी वाचायचा? म्हटला, कधीतरी वाचू. वही काय, कुठे पळून जाते?"

लवूने हे वाक्य कुठेतरी ऐकलं होतं.

स्वरूप उठला. टेबलाच्या खणातून त्याने एक कोरी लांब वही काढली, कव्हरवर शाईने बाराचा आकडा घातला आणि पेनाचं टोपण काढलं.

"पहिलं पान माझं," लवू म्हणाला. "लिही. लवू रांबाडे, वय चौसष्ट, तळीवाडी. चौथी वही कशी गेली ते मी सांगतो. आणि तेल कशाला लावावं आणि कशाला नाही, ते मोठ्या अक्षरात."

ते अर्ध्या पानात संपलं. स्वतःच्या चुका सांगायला इतका कमी वेळ लागतो हे पाहून लवूला आश्चर्य वाटलं. सल्ल्यांना जास्त लागायचा.

"आता तुम्ही, काकी. आई काय सांगत होती ते गेलं. पण ती कशी होती ते तुम्हाला माहीत असेल. बावीस वर्षं तिच्याशी न बोलता तुम्ही रोज तिच्याकडे बघत होतात."

"बघणार नाय तर काय? समोरच उठायची ना ती." यमुनाबाई खुर्चीत सरसावून बसल्या. "पण आनंदीबाई आधी चाय द्यायची."

सदू पायमोजे घालून चहा घेऊन आला. या खेपेला त्याने बशीही ठेवली.

लवूने बाहेरच्या बाकाकडे एकदा पाहिलं, मग स्टूल ओढून यमुनाबाईंच्या अगदी पुढ्यात बसला. त्या बोलायला लागल्या. सोनू पहाटे उठायची ती कोंबड्याच्या आधी. चुलीला फुंकर घालताना गाणं म्हणायची. कुठलं, ते लांबून कळायचं नाही. अबोल्याच्या आठव्या वर्षी यमुनाबाईंना ताप आला, तेव्हा कोणीतरी कुळथाच्या कळणाचं भांडं पायरीवर ठेवून गेलं. "भांड्याला पोचा होता. ओळखला मी. पण बोलले नाय. भांडा घासून रात्रीचा तिच्या पायरीवर ठेवून आले."

स्वरूप लिहीत होता. उन्हं टेबलावर चढली, मग भिंतीवर गेली. यमुनाबाई मधेच थांबल्या आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"पाच वाजले रे. पाच-दहाची चुकेल."

रस्त्यावर गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. कंडक्टरने घंटी दिली.

"जाऊ दे ती," लवू म्हणाला. "तुम्ही सांगा. चूल फुंकताना ती गाणं म्हणायची. मग?"